रिपीटर आणि बालाघाटाची कड

हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यातल्या रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून या पट्ट्यावर शक्तीपेक्षा उंचीला मोल आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून 4.1ने गुणावे, येईल तितक्या किलोमीटरवर रेडिओचे क्षितिज. हातात धरलेल्या संचाचे क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपते. तोच हिशेब आसपासच्या मुलखाहून शंभर मीटर उंच असलेल्या अँटेनाला लावला तर ते चाळीस किलोमीटरपलीकडे जाते.

रिपीटर ही उंची सर्वांच्या वाट्याला आणतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी 600 किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, जास्त शक्तीने पुन्हा सोडतो. ऐकणे आणि बोलणे एकाच अँटेनातून चालत असल्याने स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये डुप्लेक्सर बसवतात. त्याची जुळणी हे रिपीटर उभारणीतले सर्वांत नाजूक आणि वेळखाऊ काम.

धाराशिव जिल्ह्याला अशी उंच जागा निसर्गानेच दिली आहे, ती म्हणजे बालाघाटाची कड. तुळजापूरचा घाट उतरताना सोलापूरकडचा सखल मुलूख समोर पसरतो. त्या कडेवरची अँटेना खाली दूरवर पाहू शकते. मात्र पश्चिमेला सीनेच्या खोऱ्यातला परंडा आणि पूर्वेला कर्नाटकाच्या सीमेजवळचा उमरगा, दोन्ही एकाच रिपीटरच्या टप्प्यात येणे कठीण. पुण्याजवळच्या सिंहगडावर हौशी रिपीटर आहे, पण हिशेबाने त्याचे क्षितिज शंभर-सव्वाशे किलोमीटरचे आणि धाराशिव त्याच्या दुप्पट लांब. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटर मात्र कुठल्याही माळावरून गाठता येतो. तो 145.990 मेगाहर्ट्झवर ऐकतो, 437.800वर बोलतो, आणि डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटे मिळतात.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. सामान्य श्रेणीची कॉलसाइन, म्हणजे चालकाची ओळखखूण, बहुधा व्हीयू2ने सुरू होते, मर्यादित श्रेणीची व्हीयू3ने. परीक्षेची तयारी पुस्तकावर होऊ शकते, पण रेडिओ क्लबात बसून जे कानावर पडते ते पुस्तकात सापडत नाही. परवाना येईपर्यंत जाणत्या सभासदाशेजारी बसून ऐकावे. कोण कधी थांबतो, एकजण बोलून झाल्यावर दुसरा बटण दाबण्याआधी क्षणभर जागा का सोडतो, हे तिथेच कळते. त्या क्षणात एखाद्याला तातडीचा निरोप घुसवता येतो. बटण दाबताच बोलू लागणाऱ्याचा पहिला शब्द कापला जातो, कारण रिपीटर उघडायला थोडा वेळ घेतो. म्हणून आधी दाबावे, मग बोलावे. चाचणीसाठी नुसते बटण दाबून सोडू नये, कॉलसाइन सांगावी. रिपीटर नीट उघडत नसेल तर आधी रिपीटर उघडणारा टोन आणि ऑफसेट, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींमधले अंतर, तपासावेत, मग अँटेना. रिपीटरची वीज, बॅटरी, केबल, विजेपासून संरक्षण या सगळ्याचा खर्च वर्गणीतून निघतो, म्हणून नियमित वापरणाऱ्याने वर्गणी भरायलाच हवी.

रोज ठरल्या वेळी भरणारी ‘नेट’ वरवर हजेरीसारखी वाटते, पण संकटकाळाची खरी तयारी तीच. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे सास्तूर-किल्लारीचा मुलूख भूकंपाने कोसळला. त्या भूमीवर रेडिओ क्लब चालवायचा तर असा दिवस धरूनच चालवावा लागेल. 2001च्या भूकंपात भूजला आणि 2004च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवले. तिथे उपयोगी पडली ती सवय. निरोप थोडक्यात सांगणे, गावांची नावे सुटी करून उच्चारणे, ऐकलेले परत वाचून दाखवणे हे नेटवर रोज घोटून घ्यावे लागते.

रिपीटरही बंद पडू शकतो. म्हणून प्रत्येक क्लबाने थेट बोलण्याची एक सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी आधीच ठरवलेली असावी. रिपीटर चालू असतानाही संचावरचे ‘रिव्हर्स’ बटण दाबून समोरच्याचा आवाज थेट येतो का ते पाहावे. अशा चाचण्यांतून कुणाचा आवाज कुणापर्यंत पोचतो आणि मध्ये कोणत्या गावचा सभासद निरोप पुढे नेऊ शकतो, याची यादी तयार होते. ती कागदावर लिहून प्रत्येक संचाजवळ ठेवावी.