शहाणपणाचा हिशेब

अर्थशास्त्र म्हणजे बाजारभाव आणि सरकारी जमाखर्च यांचें रुक्ष शास्त्र, अशी पुष्कळ सुशिक्षित घरांत समजूत असते. आम्ही विद्यापीठांत तें शिकूं लागलों तेव्हां आमचीहि कल्पना याहून फारशी निराळी नव्हती. परंतु सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षीं आमची गांठ पडली ती एका माणसाशीं. हा माणूस आपल्या आवडीनिवडी पक्क्या जाणतो, एखाद्या वस्तूचा आणखी एक नग घेतल्यानें किती समाधान वाढेल हें तोलून पाहतो, आणि स्वहिताबाहेर पाऊल टाकीत नाहीं. भाव वाढले कीं गिऱ्हाईक कोठें वळतें, हें त्याच्या साह्यानें सुरेख उलगडतें. तेवढ्यापुरते त्याचे उपकार मानलेच पाहिजेत.

पुढें जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथानें पाया घातलेला क्रीडासिद्धान्त आला. त्यांतील दोन कैद्यांचा पेंच पुष्कळांस ठाऊक असेल. दोघांस निरनिराळ्या कोठडींत ठेविलें आहे. दोघेहि गप्प राहिले तर शिक्षा थोडी. एकानेंच कबुली दिली तर तो सुटतो आणि दुसरा पुरता बुडतो. दोघांनींहि दिली तर दोघांनाहि बरीच शिक्षा. दुसरा कांहींहि करो, कबुली देणेंच आपल्या फायद्याचें. म्हणून दोघेहि ती देतात, आणि गप्प राहून जें भोगावें लागतें त्याहून अधिक भोगतात. विचाराची प्रत्येक पायरी बिनचूक असून शेवट मात्र दोघांच्याहि नुकसानींत व्हावा, यानें आमचें मन बरेच दिवस अस्वस्थ होतें.

अशा विद्येचा रंग मनावर चढतोच. शेजारीं गेलेलें फराळाचें ताट रिकामें कां परत येत नाहीं, याचेंहि उत्तर आम्हांस ‘पुनःपुन्हां खेळल्या जाणाऱ्या डावां’त दिसूं लागलें. याच सुमारास वडिलांनीं कचेरींतील एका सहकाऱ्याच्या कर्जास जामीन राहण्याचें ठरविलें. सुटींत घरीं गेलों असतां आम्हीं धोक्याचें सारें गणित त्यांच्यापुढें मांडलें. तें शांतपणें ऐकून घेऊन ते म्हणाले, “अरे, हें गणित मलाहि येतें. पण त्याच्या मुलीचें शिक्षण अडलें आहे. मी नाहीं म्हटलें तर तो कोणाच्या दारीं जाणार?”

आमच्या पुस्तकांत यावर उत्तर नव्हतें. त्याची दिशा पुढील वर्षीं वर्तनविषयक अर्थशास्त्रानें दाखविली. कैद्यांच्या पेंचाचा प्रयोग १९५० सालींच अमेरिकेंतील रँड या संशोधनसंस्थेंत झाला होता. आर्मेन अल्चियन हे अर्थशास्त्रज्ञ व जॉन विल्यम्स हे गणिती शंभर डाव खेळले, आणि त्यांपैकीं ६० डावांत दोघांनींहि सहकार्यच केलें! वेर्नर ग्यूट व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं आणखी एक खेळ मांडला. एकानें रकमेची वांटणी सुचवावयाची. दुसऱ्यानें ती नाकारली तर दोघांसहि कांहीं मिळावयाचें नाहीं. शुद्ध हिशेबानें दुसऱ्यानें पैसाहि पदरांत घ्यावा. परंतु पुढें अनेक देशांत झालेल्या अशा प्रयोगांत पांचव्या हिश्शाहून कमी देऊं केलें असतां तें पुष्कळदां झिडकारलें गेलें. अन्याय सोसण्यापेक्षां माणसें पदरचें गमावणें पत्करतात.

यावरून पहिला हिशेबी गृहस्थ खोटा, असें आम्ही म्हणत नाहीं. तो मोजावयाचा गज आहे. गजावांचून कापड मोजतां येत नाहीं, पण कापडानें गजासारखें ताठ व्हावें असें कोणी म्हणत नाहीं. ॲडम स्मिथनें राष्ट्रांच्या संपत्तीवरील आपला १७७६ चा ग्रंथ लिहिण्यापूर्वीं, १७५९ सालीं, नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला होता, हें विद्यार्थ्यांस आरंभींच सांगितलें जावें.

त्या सहकाऱ्यानें पुढें कर्ज फेडलें. फेडलें नसतें तरी वडिलांचा निर्णय अविचारी ठरला नसता, असें आम्हांस वाटतें. कारण धोका पुरता जाणूनच त्यांनीं तो पत्करला होता. मुलांनीं हें शास्त्र अवश्य शिकावें. उपकाराची किंमत किती पडते हें त्यानें कळतें. आणि ती जाणून उपकार करणाराचें मोलहि मग अधिक कळतें.