जात्यापाशी आणि तुरुंगात

लिहिण्याची ऊर्मी कुठून येते, असं विचारलं की बहुतेक लेखक घुटमळतात. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना हा प्रश्न कुणी विचारायचा? अक्षरओळख नव्हती, वही नव्हती, छापून येण्याची आस तर नव्हतीच. दाण्यांची मूठ जात्यात पडायची, खुंट्याला हात लागायचा आणि घरघर सुरू झाली की त्या लयीत शब्दही फिरू लागायचे. मुलगा सोपानदेवांसह घरातल्यांनी जमेल तेवढं टिपून ठेवलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' छापली गेली.

न टिपलेली किती पिठाबरोबर उडाली, कोण जाणे!

साने गुरुजींचं उलटं. लेखणी हातात होती, मोकळीक नव्हती. नाशिकच्या तुरुंगात दिवसा काम, मग उरलेल्या वेळात लेखन. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी 'श्यामची आई' सुरू झाली आणि १३ तारखेच्या पहाटे लिहून संपलीसुद्धा. ज्या आईच्या आठवणी या पुस्तकात आहेत, ती गुरुजींची आई १९१७ मध्येच गेली होती. पंधरा वर्षं आत मुरलेलं सारं पाच दिवसांत कागदावर उतरलं, तेही गजांआड.