नऊ सेंटीमीटरची फियाट

रविवार. बिलोलीतलं मे महिन्याचं ऊन असं, की दुपारी रंगाचा फवारा मारला तर तो गाडीवर पोचायच्या आतच वाळतो आणि पत्र्यावर वाळूसारखी खर येते. गेल्या आठवड्यात तेच झालं. सगळा रंग खरवडून काढावा लागला. म्हणून आज पहाटे साडेपाचला टपावर पिवळा हात दिला. खालचा काळा आधीच सुकलाय.

ही फियाट भंगाराच्या ढिगात सापडली. एक चाक गायब, काच फुटलेली. प्रमाण १:४३, म्हणजे मूळ गाडीचे त्रेचाळीस सेंटीमीटर इथे एक होतात. चार मीटरला जरा कमी असलेली गाडी तळहातावर मावते! तळाचे रिव्हेट बारीक ड्रिलने पोखरले, तेव्हा ती उघडली. आत जस्ताच्या मिश्रधातूचं अंग अजून धडधाकट होतं. चाक मात्र दुसऱ्या खेळण्याचं बसवलं, मापाचं मिळेना.

खरी फियाट, म्हणजेच पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याला बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्याच कारखान्यात. मुंबईत पहिल्यांदा उतरलो तेव्हा अशाच काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलो होतो, मांडीवर ट्रंक घेऊन. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी पाहून नवल वाटलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी मोडकी गाडी असेल, तर भंगारात घालू नका.