झिनफँडेलचे माहेर

आमच्या घरात द्राक्ष बाटलीतून आले ते फक्त द्राक्षासवाच्या रूपाने. आजारातून उठलेल्या माणसाला दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. वाइन या पदार्थाशी माझा संबंध त्यापलीकडे गेला नव्हता. जानेवारी २००८मध्ये कॅलिफोर्नियात लेकीकडे गेले असताना ती मला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जाहीर मेळ्याला घेऊन गेली. झिनफँडेल या एकाच काळ्या द्राक्षाची तांबडी वाइन चाखण्याचा तो मेळा. मी गेले ते कुतूहलापेक्षा तिच्या सोबतीसाठी. शिवाय तिला एक गोष्ट सांगायची राहिली होती. कर्वेनगरचे आमचे बैठे घर पाडून तिथे इमारत उभी करायला आम्ही संमती देणार होतो.

मेळा फोर्ट मेसनला होता. हा एकेकाळचा लष्करी धक्का; दुसऱ्या महायुद्धात सैनिक इथून पॅसिफिककडे रवाना होत. १९९१ साली झिनफँडेलच्या उत्पादकांनी आणि चाहत्यांनी संस्था काढली, तिचा हा वार्षिक उत्सव. धक्क्यावरच्या लांबलचक शेडमध्ये टेबलांच्या रांगा आणि प्रत्येक टेबलामागे एकेक उत्पादक. दारात रिकामा पेला हाती देतात. तो घेऊन फिरायचे. कोणी घोटभर ओतले की आधी हुंगायचे, मग तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या बादलीत थुंकायचे. मध्येच पावाचा तुकडा. तासाभरात सगळ्यांचे दात जांभळे झालेले, आणि त्याची कोणालाच लाज नाही.

"आई, काय लागतंय ते सांग ना," लेक म्हणाली. तिथल्या पत्रकांवर ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी होती. मी ती फळे कधी खाल्ली नव्हती. मला लागले ते ज्येष्ठातले टपोरे जांभूळ, त्यामागून भरडलेली मिरी, आणि शेवटी जीभ ओढून धरणारा तुरटपणा. त्या तुरटपणाला तिथे टॅनिन म्हणत होते. आपल्या षड्रसांत कषायाला मानाचे पान आहे, त्यामुळे तो मला परका वाटला नाही. लेकीने पुन्हा घोट घेतला आणि ती एकदम हसली. "अगं, खरंच जांभूळ! मागच्या अंगणातलं."

झिनफँडेलची कथा मला तिथेच कळली. ही वेल ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून १८२०च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आली, आणि सोन्यासाठी धावलेल्या माणसांच्या मागोमाग १८५०च्या दशकात कॅलिफोर्नियात. तिथे ती इतकी रुजली की लोक तिला तिथलीच मानू लागले. इटलीतले प्रिमितिव्हो हे तेच द्राक्ष, असे पुढे जनुकीय चाचणीने ठरले. पण तेही माहेर नव्हते. अखेर २००१ साली डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेबचे इव्हान पेयिच व एडी मालेतिच यांना ते क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, काश्तेल नोव्ही इथल्या एका जुन्या मळ्यात सापडले. तिथले नाव 'त्सर्लयेनाक काश्तेलान्स्की', म्हणजे काश्तेलाचा तांबडा. मळ्यात अशा वेली मोजक्याच उरल्या होत्या. माहेरी जवळजवळ नामशेष, आणि सासरी शंभरी ओलांडलेल्या वेलींचे मळेच्या मळे!

बाहेर धक्क्यावर येऊन मी तिला घराचे सांगितले. ती बराच वेळ रिकामा पेला बोटांत फिरवत राहिली.

"म्हणजे जांभूळही जाणार."

"जाणार."

महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला, तो निराधार विधवांसाठी. त्यांच्या नावाच्या वस्तीत राहून लेकीला तिचे माहेर पाडल्याचे सांगणे मला जड गेले. ती रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "द्राक्ष बीपासून लावत नाहीत ना गं? काडीपासून लावतात. म्हणजे आत जे प्यायलो, ती सगळी त्या काश्तेलच्याच वेलीची अंगं."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हते. वेल माहेर सोडून गेली असे मी समजत होते. ती तर माहेर अंगावर घेऊनच गेली होती. तरीही काश्तेलच्या त्या चार वेली कोणी राखल्या नसत्या, तर हे कळले कसे असते? दोन्ही खरे आहे, आणि त्यातले एक निवडता मला आजही येत नाही.

पुढे कळले की, ही वेल आपल्या नाशिकलाही आली आहे. कॅलिफोर्नियात नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांच्या 'सुला'ने तिची वाइन काढली. नाशिककडे द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या लागतात, कारण थंडीची झोप तिला इथे मिळत नाही. कॅलिफोर्नियातल्या वेली जानेवारीत निष्पर्ण उभ्या असतात, तेव्हा इथे काढणी सुरू होते.

घर पाडण्याआधी त्या जांभळाच्या बिया मी जमवल्या. लेक म्हणाली तसे काडीने ते जमले नसते. एक रोप नव्या इमारतीच्या कुंपणालगत लागले आहे. त्याला फळ कसे येईल, ते बीच ठरवणार.