वाघाला अंदाज, माणसाला पुरावा

आपलं नागपूर स्वतःला 'वाघांची राजधानी' म्हणवतं. २०२२ च्या गणनेनुसार देशात ३६८२ वाघ, महाराष्ट्रात ४४४. पण यातला प्रत्येक वाघ कुणी पाहिलेला नाही. कॅमेऱ्यात आलेल्या वाघांची ओळख पट्ट्यांवरून पटवतात. तेच वाघ पुन्हा किती वेळा टिपले गेले, यावरून न दिसलेल्यांचा हिशेब मांडतात. म्हणूनच अहवालात किमान ३१६७ आणि कमाल ३९२५ असाही पल्ला दिलेला आहे.

आम्ही या शास्त्राच्या बाजूचे आहोत. पूर्वी पंजाचे ठसे मोजून आकडे फुगत. २००५ साली सरिस्कात कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता. त्यानंतर ही पद्धत आली.

आता त्याच जंगलातला माणूस बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींखेरीज इतर वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. तोही १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा. म्हणजे १९३० पर्यंत मागे जा! आपली बौद्ध कुटुंबं याच रकान्यात येतात. दाव्याचे कागद गोळा करताना चंद्रपूरकडच्या एका आजीने आम्हाला विचारलं, "आमच्या वक्ती कोन लिवून ठेवत होतं, बाबू?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांना अक्षरापासूनच दूर ठेवलं, त्यांच्याकडे ७५ वर्षांपूर्वीचा कागद मागायचा, हा कुठला न्याय?

न दिसलेला वाघ शास्त्र हिशेबात धरतं. कागद नसलेला माणूस मात्र शून्य ठरतो. आमचा आक्षेप वाघावर नाही, या दुजाभावावर आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचा नुसता आकार बघून ते परवडणारं की न परवडणारं हे ठरत नाही, त्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात ते बघा, असं त्यांनी मांडलं. आकड्याला प्रश्न विचारायचा हा आपला वारसा आहे.

म्हणून मित्रांनो, नुसता मोर्चा पुरणार नाही. वनहक्क नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून सांगितलेला आहे. गावात जा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. कोणतं घर किती मोह, किती तेंदू गोळा करतं, त्याची नोंद ठेवा आणि ती ग्रामसभेपुढे मांडा. संख्याशास्त्र शिका. आपली मोजणी आपण केली नाही, तर दुसऱ्यांच्या मोजणीत आपण शून्यच राहू.

जय भीम!