शेपटीतला पिवळा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून प्रयोगशाळेतला माझा कॉलम लांबला आहे. नळी तीच, सिलिका तीच, चित्रकाची मुळंही मुरबाडच्या धसई-तोकावडे भागातलीच. पण त्या मुळांतल्या प्लंबॅजिनचा पिवळा पट्टा आता संपता संपत नाही. पूर्वी मी जिथे फ्लास्क बदलायचो, तिथे आता मला चांगला ठसठशीत पिवळा दिसतो, आणि त्याच्या मागे नारिंगीकडे झुकलेली लांबलचक शेपटी.

मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंगच पिवळट होत जातं. पांढऱ्या सिलिकेवरचा फिका पिवळा अशा डोळ्याला वेगळा कळतच नाही. डोळखांबकडची एक ठाकर मुलगी माझ्याकडे काम करते. ती तेव्हा शेजारी उभी राहून म्हणायची, "सर, अजून पिवळं उतरतंय." मी म्हणायचो, "हाताला कळतं गं, थांबायचं कुठे ते." माझ्या प्लंबॅजिनच्या स्फटिकांच्या सुया ७८-७९ अंशांना, अर्ध्या-एका अंशाच्या आत, लख्ख वितळायच्या. पाहुणे आले की मी कपाटातली बाटली काढून दाखवायचो. तिच्यातला नारिंगी-पिवळा सुयांचा गुच्छ बघून कुणी "वा!" म्हटलं की दिवस सार्थकी लागायचा. ती शुद्धता मी हाताचं कसब म्हणून मिरवली. गढूळ डोळा मला लवकर थांबवत होता, म्हणून शेपटी मागे राहत होती आणि सुया स्वच्छ येत होत्या, हे आता कळतंय. हे मान्य करायला जड जातं.

शेपटीची एवढी काळजी कशाला, असं रसायनाबाहेरचा माणूस विचारील. चित्रकाच्या मुळात प्लंबॅजिन एकटं नसतं. त्याचेच दोन रेणू जोडून झालेली चित्रनोनसारखी संयुगं असतात, शिवाय रंग नसलेली, डोळ्याला कधीच न दिसणारी स्टेरॉलंही असतात. ॲगरच्या थाळीत स्टॅफिलोकॉकसवर अर्काची चकती ठेवली आणि भोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं, तर ते वर्तुळ कुणाचं? सुईचं की शेपटीचं? माझी सगळी वर्षं या एका प्रश्नाभोवती गेली. वर्तुळाची मापंही फसवी असतात. प्लंबॅजिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे ॲगरमध्ये ते पसरतं जेमतेम. जोर असूनही वर्तुळ लहान दिसतं. शिवाय ते उडून जातं. रोटाव्हॅपरवर पाणी जरा जास्त गरम ठेवलं की माल गेलाच समजा. बशीत मंद तापवून वर थंड काच धरली, तर त्याच गुणामुळे काचेवर पिवळ्या सुया धरतात. उडण्याचा हा स्वभाव एका हाताने देतो, दुसऱ्याने काढून घेतो.

प्लंबॅजिनच्या कुळाचा, म्हणजे नॅफ्थोक्विनोनांचा, खरा घोळ मात्र वेगळाच आहे. नॅफ्थोक्विनोन पेशीत शिरलं की एक इलेक्ट्रॉन उचलतं, तो ऑक्सिजनला देतं आणि पुन्हा दुसरा उचलायला मोकळं होतं. त्यातून तयार होणारा सुपरऑक्साइड जंतू पाहत नाही, गाठ पाहत नाही, धडधाकट पेशीही पाहत नाही. म्हणून बशीत ते जवळजवळ सगळ्यांवर चालतं. यावरच आजकाल लेख पाडले जातात. कॅटलॉगमधून प्लंबॅजिनची बाटली मागवायची, चार जिवाणू नि एक कॅन्सरची पेशी घ्यायची आणि शीर्षकात 'चित्रकाचा अभ्यास' लिहायचं. त्यातल्या किती जणांच्या कपड्यांना चित्रकाच्या फुलाचे चिकट देठ लागले असतील? मला याचा मनापासून राग येतो.

पुणे विद्यापीठात सुभाष पाध्ये यांनी प्लंबॅजिनवर आणि सुनीता साळुंके-गवळी यांनी मेंदीतल्या लॉसोनवर जे काम केलं, त्याबद्दल आदर आहे आणि हेवाही. क्ष-किरणांनी स्फटिकातला एकेक बंध मोजणाऱ्यांना शेपटी कुठे संपते हे डोळ्याने ठरवावं लागत नाही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तो थाट नाही.

शहापूरचा साग वाळवीला दाद देत नाही, त्यातही नॅफ्थोक्विनोनांच्या याच कुळाचा वाटा आहे. सागकाम करणाऱ्या सुतारांच्या अंगाला जी खाज सुटते, ती डीऑक्सिलॅपॅचॉलने. त्याचा भाऊ लॅपॅचॉल अमेरिकेत कर्करोगाच्या रोग्यांना देऊन पाहिला, तर रक्तात हवी तेवढी मात्रा चढेना. बशीतलं यश अंगात उतरत नाही ते असं. उलट अ‍ॅटोव्हाक्वोन हे याच घराण्यातलं औषध हिवतापाच्या परजीवीच्या श्वसनातली एकच कडी नेमकी पकडतं. नेमकेपणा असावा तर तसा.

आपल्या वैद्यांना हा उग्रपणा फार आधीपासून ठाऊक होता. मुळाचा लेप कातडीवर फोड आणतो, म्हणून चित्रक पोटात देण्याआधी चुन्याच्या निवळीत भिजवून त्याचं शोधन करतात. निवळी तांबडी होते. प्लंबॅजिन अल्कलीत लाल-जांभळं होतं, तोच हा रंग. शोधन केलेल्या मुळात प्लंबॅजिन कमी भरतं, हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. मग औषध म्हणून जे उरतं, ते काय आहे? सुईच्या मागे लागलेल्या आम्ही हे विचारायला हवं होतं.

ती मुलगी आता डोळ्यावर विसंबत नाही. प्रत्येक फ्रॅक्शनचा थेंब टीएलसीच्या दोन पट्ट्यांवर लावते, एका पट्टीवर कॉस्टिक शिंपडते, दुसरी सल्फ्युरिक आम्लाने जाळते. पहिली रंगाचे सगळे दाखवते, दुसरी बिनरंगाचे. मला तिचा वेग आवडतो, आणि थोडा सलतोही. शेपटीच्या बाटल्या तिने वेगळ्या फळीवर मांडून ठेवल्या आहेत. तिचं म्हणणं, सुया, शेपटी आणि निवळीतून काढलेलं मूळ, तिन्ही एकाच थाळीवर शेजारी शेजारी ठेवायची, प्रत्येकात प्लंबॅजिन किती हे आधी मोजून. मी होकार दिला आहे. कॉलम मात्र मीच भरणार, हे तिला बजावून सांगितलं.