शाळेची घंटा थांबल्यावर

आमच्या इंदूरच्या धर्मग्रामात दरवर्षी मार्चअखेर एक लहानसा निरोपसमारंभ होत असतो. बारावीच्या परीक्षेतून मोकळ्या झालेल्या मुली त्या दिवशी रविवारच्या धर्मशिक्षणवर्गातूनही मोकळ्या होतात. फादर प्रत्येकीला एक जपमाळ देतात, चहा-फराळ होतो, छायाचित्र निघते. आणि त्यानंतर त्यांतील कित्येक मुखे आम्हांस थेट नाताळच्या मिस्सेलाच काय ती दिसतात. शाळेत घंटा होती, घंटेमागे प्रार्थना होती, आणि चुकल्यास विचारणारे कोणी होते. घंटेच्या दोरीला बांधलेली ती श्रद्धा दोरी सुटल्यावर कोठे जाते, हा प्रश्न आम्हांला फार दिवस छळीत आला आहे. म्हणून यंदा समारंभाऐवजी एक लहानशी यात्रा करावी असे ठरले. उपवासकाळ चालूच होता. सात मुलींना घेऊन आम्ही एका पहाटे उदयनगरची वाट धरली.

उदयनगर हे इंदूरच्या आग्नेयेस, देवास जिल्ह्यातले लहानसे गाव. शहराची वस्ती मागे पडली की दोन्ही बाजूंस माळव्याची काळी जमीन पसरते. गव्हाची कापणी चालू होती. डोक्याला पदर गुंडाळलेल्या बाया ओळीने वाकलेल्या दिसत होत्या. पुढे सपाट माळवा संपून विंध्याचे उंचवटे सुरू होतात, शेते आखूड होतात आणि सागाचे रान जवळ येते. पाने झडलेल्या त्या रानात पळस मात्र आगीसारखा फुलला होता आणि मोहाचा गोड, जड वास गाडीच्या खिडकीतून आत येत होता. मुलींनी जपमाळ म्हणावयास घेतली. आमच्याकडे मिस्सा हिंदीत होत असली, तरी घरातील जपमाळ अद्याप मराठीतच चालते; पणजोबांनी गाव सोडले, पण ‘नमो मरिया’ काही सोडली नाही.

जपमाळ संपल्यावर आमच्या शेजारी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, “बाई, रागावणार नसाल तर एक विचारू का?”

“विचार की.”

“मी काही सिस्टर होणार नाही. बाबा गेल्यापासून घरात कमावते कोणी नाही. पुढच्या महिन्यापासून कापडाच्या दुकानात बिले लिहायला जायचे आहे. दुकान रविवारीही उघडे असते. मग ज्यांच्या समाधीला आपण निघालो आहोत, त्यांचा मला काय उपयोग?”

प्रश्न उद्धट नव्हता, प्रामाणिक होता. आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते, म्हणून “आधी तेथे पोचू या,” एवढेच आम्ही बोललो.

ज्यांच्याविषयी ती विचारीत होती, त्या धन्यवादित राणी मारिया वट्टालिल यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळात, पुल्लुवळी येथील एका शेतकरी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण संपताच, १९७२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्या फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघात दाखल झाल्या. म्हणजे आमच्या गाडीतील मुलींच्याच वयात. त्यांची मातृभाषा मल्याळम. पण सेवेसाठी नेमणूक झाली ती उत्तरेत, बिजनौरला. तेथे त्या हिंदी शिकल्या, आधी मुलांना शिकविले, मग खेड्यापाड्यांत हिंडू लागल्या. १९९२ साली त्या उदयनगरला आल्या. येथील आदिवासी शेतमजूर सावकारी कर्जाखाली पिचले होते. कोणत्या कागदावर आपण अंगठा उठविला हेही पुष्कळांना ठाऊक नसे. त्यांना बचतीची सवय लावणे, बँकेचे कर्ज कसे मागावे, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरावा हे शिकविणे, हेच राणी मारियांचे काम होते. त्यात चमत्कार नव्हता. अर्ज होते, हिशेब होते आणि पायपीट होती. परंतु ज्यांचे उत्पन्न त्या हिशेबाने बुडाले, त्यांना ती पायपीट सहन झाली नाही.

उदयनगरच्या चर्चमध्ये आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढले होते. २०१६ साली राणी मारियांचे अवशेष येथे चर्चच्या आत आणून ठेवण्यात आले. आत गारवा होता. एक आदिवासी म्हातारी समाधीपाशी बसली होती. ती काही मागत नव्हती, नुसती बसली होती, जशी एखादी लेकीच्या घरी बसते. मुलींनी गुडघे टेकले. आमची दुकानात जाणारी मुलगी मात्र बराच वेळ उभीच होती.

परतीच्या वाटेवर नाचनबोरच्या घाटात आम्ही गाडी थांबविली. २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी राणी मारिया उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये बसल्या होत्या. पुढे केरळात घरी जावयाचे होते. या घाटात, भरल्या बसमध्ये त्यांच्यावर सुऱ्याचे घाव घालण्यात आले. येशूचे नाव घेत त्यांनी येथे प्राण सोडला. वय अवघे एकेचाळीस. सात वर्षांनी, २००२ च्या ऑगस्टमध्ये, त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या मनगटाला राखी बांधली व त्याला भाऊ म्हटले. पुढे ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले. तो सोहळा मुलींच्या आठवणीतला. तेव्हा त्या लहान होत्या.

रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही दुःखाच्या रहस्यांपैकी एक म्हटले. दरीतून वारा येत होता. तेवढ्यात एक बस हॉर्न वाजवीत घाट चढून गेली. आतली माणसे खिडकीतून आमच्याकडे पाहत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आमची ती मुलगी तिच्याकडे बघत राहिली.

“बाई,” ती म्हणाली, “त्या दिवशी बसमध्ये किती माणसे असतील?”

“बस भरलेली होती म्हणतात.”

“आणि कोणी उठले नाही?”

“नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी राणी मारिया होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या बसमध्ये गप्प बसलेली बाईदेखील मला व्हायचे नाही.”

वाचकहो, जे उत्तर आम्हांला देता आले नव्हते, ते तिचे तिलाच घाटाच्या त्या वळणावर गवसले. पाचारण म्हटले की आपण फक्त मठाच्या दाराकडे बोट दाखवितो, आणि उरलेल्या मुलींना त्यांच्या वाटेने सोडून देतो. परंतु बिल खरे लिहिणे, अडाण्याला कागद वाचून दाखविणे, आपल्यादेखत अन्याय होत असता जागेवरून उठणे, हेही पाचारणच आहे, आणि ते बहुतेक सर्वांच्या वाट्याला येते. बसमधील प्रवासी आपण सारेच आहोत. भीती आम्हांलाही वाटते. उठावयाचे बळ ऐन वेळी येत नाही. ते रोजच्या लहान प्रार्थनेने व लहान खरेपणाने आधी साठवावे लागते.

आईबापांना आमची एक विनंती आहे. मुलीची शाळा सुटली की तिचे लग्न, तिची नोकरी, तिची फी यांची चिंता आपण करतोच. संध्याकाळच्या जपमाळेला तिची जागाही राखून ठेवावी. आणि धर्मग्रामाने तिच्या कामाच्या वेळा विचारून घ्याव्यात. आमच्या फादरांनी तसे विचारले. दुकान दहाला उघडते. पहिली मिस्सा सातला असते. गेल्या तीन रविवारी ती मुलगी मागच्या बाकावर, डब्याची पिशवी पायाशी ठेवून बसलेली आम्ही पाहिली. घंटा कोणी वाजविली नव्हती.